हात मागे बांधून

निगडीच्या बागेत सकाळचं चालणं झालं की आम्ही निवृत्त मंडळी बाकावर बसतो आणि जगाचे निकाल लावतो. मध्यंतरी टीव्हीवर एक चर्चा फार रंगली होती. यादवी पेटू घातलेल्या देशातून परदेशी सैन्यानं निघून जावं की तिथंच राहावं? आमच्या बाकावरही लगेच दोन तट पडले. एका शाळेचे माजी मुख्याध्यापक आमच्यात असतात. ते म्हणाले, सैन्य निघालं की दुसऱ्या दिवशी कत्तल सुरू होईल. शितोळेभाऊ इथले मूळचे गाववाले. त्यांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या घरात किती दिस ऱ्हायाचं राव? पाव्हण्यानं उठावंच."

मग दोघं माझ्याकडे वळले, कारण तसल्या एका देशात, तसल्या एका छावणीत मी कामाला जाऊन आलोय. मी म्हटलं, "जावं. पण कुणाच्या हातात देऊन जाणार, ते आधी सांगा."

शितोळेभाऊ म्हणाले, "म्हंजी सरळ न्हाई म्हन की. गोल गोल कशापायी फिरवतो?"

गोल फिरवत नव्हतो. पण बाकावर बसून दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. मी मुत्सद्दी नाही, लष्करी माणूस तर नाहीच. मी चाकणच्या एका कारखान्यातला जनरेटरचा सर्व्हिस इंजिनियर. आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझं मत मला पुस्तकातून मिळालेलं नाही, यंत्राशेजारी उभं राहून मिळालंय. ते तसंच मांडतो.

जनरेटर म्हणजे डिझेलवर चालणारं इंजिन आणि त्याला जोडलेलं वीज तयार करणारं यंत्र. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. बटण कुणीही दाबेल. आवाज बदलला की कान टवकारणं, तेल-पाणी बघणं, भार किती टाकायचा ते ओळखणं, हे खरं काम. यंत्र बसवून देणं सोपं असतं. ते माणसाच्या हाती देणं अवघड, आणि नेमकं त्याचंच बिल लावता येत नाही. त्यामुळे कंपन्या ते काम उरकून टाकतात.

माण गावात एक मंगल कार्यालय आहे. मालकानं हौसेनं मोठा जनरेटर घेतला आणि त्याची किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधून ठेवली. नोकरांच्या हाती महागाची वस्तू कशी द्यायची, हा त्यांचा सवाल. ऐन लग्नसराईत वीज गेली. नवरा-नवरी हार हातात धरून अंधारात उभी, भटजी गप्प आणि वॉचमन यंत्रापुढे हात जोडून उभा. मालक सांगवीला दुसऱ्या लग्नात जेवत होते. तिथूनच मला फोन करून ओरडले, तुमचं मशीन फेल गेलं म्हणून. मी म्हटलं, मालक, मशीन शाबूत आहे, किल्ली वऱ्हाडात गेलीय. नंतर पुष्कळ वर्षं ते मला दिसले की करदोडा चाचपून दाखवायचे आणि हसायचे. किल्ली मात्र तिथंच असायची.

हाती देण्याचा हा धडा मला कॉलेजात मिळाला नाही. तो आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून मिळाला. आबा लातूरकडून आले आणि भोसरीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर लागले. त्यांच्या खात्यात दोन रिवाज होते. पहिला असा की पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन भट्टीच्या चाकाला हात लावत नाही तोवर आधीच्यानं जागा सोडायची नाही, मग घरी काहीही असो. दुसरा रिवाज नव्या माणसाचा. त्याला शिकवून झालं की उस्ताद एक पाळी त्याच्यामागे हात पाठीशी बांधून उभा राहायचा. नवा चुकला तरी बोलायचं नाही. उस्तादाचे हात पुढे आले तर पाळी बाद, उद्या पुन्हा पहिल्यापासून. त्याला ते 'हात मागे' म्हणायचे. "शिकवनं सोपं हाय," आबा म्हणायचे, "हात मागं ठिवनं लई जड."

माझ्या पदवीदानाला आबा आले नाहीत. नवा शर्ट शिवून घेतला होता, सुट्टीही सांगून ठेवली होती, पण पाळी बदलायला माणूस आला नाही आणि भट्टी पेटलेली होती. मी काळा डगला घालून दारात वाट बघत राहिलो. बरेच दिवस मी घुश्शात होतो. त्यांनी समजूत काढली नाही. मलाही तेव्हा त्यांना काही विचारणं जमलं नाही.

आता त्या देशाकडे येतो. नाव लिहीत नाही, कारण माझी माणसं अजून तिथं राहतात. आफ्रिकेतलं नदीकाठचं एक गाव. नदीच्या अलीकडे एक जमात, पलीकडे दुसरी. मध्ये एक पूल, आणि पुलावर परदेशी शांतिसेनेची चौकी. गावाबाहेर, अलीकडच्या काठाला, त्यांची छावणी होती. छावणीत आमच्या कारखान्याचे दोन जनरेटर होते, एक मोठा आणि एक लहान. मी दरसाल देखभालीला जायचो.

छावणीच्या कुंपणाला लागून गावचा दवाखाना होता. कुणा जुन्या मेजरनं माणुसकीनं कुंपणाखालून केबल टाकून त्यांना वीज दिली होती. ऑपरेशनचा दिवा, अशक्त बाळांना ऊब देणारी पेटी, विहिरीचा पंप, सगळं त्या एका केबलवर. छावणीच्या कुठल्याही नकाशात ती केबल नव्हती. दवाखाना चालवायची सिस्टर मार्था. थोराड बांध्याची बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि जीभ अशी तिखट की मला आमच्या वस्तीतल्या आत्याबाई आठवायच्या.

मग बातमी आली की सैन्य माघारी जाणार. तिथल्या सरकारलाच ते नको होतं आणि सैन्य पाठवणारे देशही कंटाळले होते. मला कारखान्यानं पाठवलं ते आवराआवरीला. मोठा जनरेटर गावाला भेट द्यायचा, लहान परत न्यायचा, काम पूर्ण झाल्याची सही करायची आणि यायचं.

गावात तेव्हा निगडीच्या बाकावरचाच वाद चालला होता. फरक इतकाच की तिथं तो जिवावरचा होता. पीटर हा छावणीतला आमचा ऑपरेटर, अलीकडच्या काठाचा. तो म्हणायचा, हे गेले की आठवड्याच्या आत आम्ही रस्त्यावर येणार. पलीकडच्या काठाचा लुका होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं नेमकं उलटं. सैन्य आहे तोवर आमचे म्होरके एकमेकांशी बोलत नाहीत, उठसूट छावणीत येऊन चहाड्या करतात. हे गेल्याशिवाय ते समोरासमोर बसणार नाहीत. दोघांचंही मला पटायचं, ही माझी पंचाईत.

मी सिस्टरला विचारलं, तुमचं मत काय? तिनं चष्मा लावून मला नीट न्याहाळलं.

"ते जाणारच आहेत, इंजिनियर. मला जावं की राहावं विचारू नकोस. ते गेल्यावर माझी वीज कोण चालवणार, तेवढं सांग."

त्या क्षणापासून माझं काम ठरलं. कारखान्यानं सांगितलेलं नव्हे, हे.

पहिली अडचण यंत्राचीच होती. आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण मोठ्या जनरेटरवर थोडकाच भार टाकून चालवलं तर तो आतून खराब होतो. डिझेल धड जळत नाही, काजळी धरते, धुरांड्यातून काळं तेल गळायला लागतं. छावणी उठली की त्या मोठ्या यंत्रावर उरणार होता एक दवाखाना. म्हणजे भेट दिली ती झाली शोभेची. दवाखान्याला लहानच हवा होता. तो परत न्यायचं ठरलं होतं, कारण तो उचलायला सोपा.

छावणीचा कारभार तेव्हा आपल्याच देशाच्या एका मेजरसाहेबांकडे होता, त्यांच्याकडे मी गेलो. भला माणूस, पण थकलेला. ते म्हणाले, "गायकवाड साहब, बड़ा वाला देखके लोग खुश हो जाएँगे." मी म्हटलं, साहेब, खूश होतील आणि मग अंधारात बसतील. काजळीचं सगळं समजावलं. सिस्टर मार्था तिथंच बसली होती. तिला मी इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "मोठं यंत्र, हाताला काम थोडं, मग आतून काळं पडतं. तू छावणीबद्दलच बोलतोयस ना?" मेजरसाहेब आधी गंभीर झाले, मग सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले. वर विचारतो म्हणाले.

वरून उत्तर येईना. मी सही रोखून धरली. चाकणहून माझ्या साहेबांचा फोन, "अरे राव, आपलं काम पॅकिंगचं. तू तिथं काय समाजसेवेला गेलाय का? सही कर अन् ये." मी सांगितलं, सही 'यंत्र चालू स्थितीत हाती दिलं' अशी आहे. हाती दिलेलं नाही, तर सही कशी करू? साहेब वैतागले. माझी पुढची बढती त्या फोनवरच अडकली असं नंतर कळलं. अडकू दे. शेवटी परवानगी आली. मोठा परत, लहान दवाखान्याला.

दुसरी अडचण माणसांची. छावणीत आजवर शिकवलेले सगळे ऑपरेटर अलीकडच्या काठाचे, कारण तिकडे शाळा होती, इंग्रजी होतं, साहेबलोकांना सोयीचं होतं. त्यांत पीटर सगळ्यांत तयार. मी त्याच्याच हाती यंत्र देणार होतो. आमच्या चाकणला हेच करतात, सगळ्यांत हुशार पोरगा बघायचा आणि त्याला किल्ली द्यायची. सिस्टरनं मला थांबवलं. एकट्या पीटरला दिलंस तर पलीकडचे म्हणतील, दवाखाना त्यांचा झाला, आणि पहिला दगड यंत्रावर पडेल. दोन्ही काठांचा एकेक माणूस घे.

म्हणून लुका आला. आणि माझी खरी नोकरी सुरू झाली. पीटरचा चुलतभाऊ लुकाच्या लोकांनी मारला होता. लुकाचं घर पीटरच्या लोकांनी जाळलं होतं. दोघं एका खोलीत, एका यंत्राशी, आणि एकमेकांशी शब्द नाही. सगळं माझ्यामार्फत.

"इंजिनियर, त्याला सांग, फिल्टर उलटा धरलाय."

"इंजिनियर, त्याला सांग, मला डोळे आहेत."

हाताच्या अंतरावर उभे होते दोघं. मी मधे दुभाष्या, आणि भाषा मात्र तिघांची तीच मोडकी इंग्रजी.

दोन पाळ्या ठरवल्या आणि आबांच्या भट्टीचा रिवाज तिथं लावला. येणाऱ्यानं पॅनलवर तळवा ठेवायचा, विचारायचं, जाणाऱ्यानं उत्तर द्यायचं. तेल, पाणी, डिझेल. त्याशिवाय जागा सोडायची नाही. पीटर म्हणाला, मी कागदावर लिहून ठेवतो, तो येऊन वाचेल. मी म्हटलं, नाही. कागद माणूस निघून गेल्यावरही वाचता येतो. तोंडानं सांगायचं, तोंडाकडे बघून.

पहिल्या दिवशी पीटर आपली पाळी संपवून तसाच उभा राहिला. लुकानं पॅनलवर हात ठेवला आणि भिंतीकडे बघत बसला. मी मधे पडलो नाही. जेवणं थंड व्हायला लागली. अखेर लुका भिंतीलाच म्हणाला, "तेल?"

"ठीक."

"पाणी?"

"ठीक."

"डिझेल?"

"उद्यापुरतं."

सिस्टर मार्था दारात उभी होती. ती म्हणाली, "लागलं एकदाचं लग्न. आता जेवा."

मग 'हात मागे'. छावणीची केबल कापली आणि दवाखाना लहान जनरेटरवर घेतला. सिस्टरनं त्या सकाळी टेबलावर पेशंट घेतला नव्हता, पेटीतली बाळं आयांच्या छातीशी दिली होती. पाळी लुकाची. मी मागे हात बांधून उभा. पीटरलाही तसंच उभं केलं, कारण उद्या तोही कुणाला तरी शिकवणार. बघायला मेजरसाहेब आले.

लुकानं इंजिन थांबवून डिझेलचा फिल्टर बदलला. तसं करताना पाइपात हवा शिरते. ती एक बोल्ट ढिला करून, हातपंपानं बाहेर काढायची असते. लुका ते विसरला. पुन्हा सुरू केल्यावर इंजिन घुटमळलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पंप थांबला. आतून बायकांचे आवाज आले. लुकानं पॅनल बघितलं, बॅटरी बघितली, घामानं चेहरा निथळायला लागला.

मेजरसाहेब हळूच म्हणाले, "बता दो ना यार."

मी म्हटलं, "साहब, परसों कौन बताएगा?"

मला माझ्याच मनगटाला घट्ट धरावं लागलं होतं. इतकी वर्षं लोकांना यंत्रं दिली, पण आबा काय म्हणायचे ते मला त्या दिवशी अंगानं कळलं. लुका पाइपावरून बोट फिरवत फिल्टरपाशी आला आणि थांबला. त्याला आठवलं होतं. पण तिथं बोल्ट दोन होते. त्यानं मान वर केली. माझ्याकडे नाही, पीटरकडे बघितलं.

"कुठला?"

पीटरचे हात पाठीशीच होते. त्यानं हनुवटीनं दाखवलं. डावीकडचा.

बुडबुडे आले, मग नितळ डिझेल आलं, इंजिन लागलं. पाळी पास की बाद, यावर मी थोडा वेळ विचार केला. हनुवटीबद्दल आबांचा काही नियम नव्हता. मी सही केली.

सैन्य निघालं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. कुणी हात हलवले, एक-दोघांनी दगड मारले, बाकीचे नुसते बघत राहिले. शेवटच्या ट्रकमध्ये मी होतो. पुलावरच्या चौकीतले जवान त्या सकाळपर्यंत पहारा देत होते. ट्रक आला, ते चढले, आणि पूल रिकामा झाला. माझ्या मनात आलं, इथं पाळी बदलायला कुणीच आलं नाही.

पुढे व्हायचं ते झालं. सैन्य गेल्यावर काही काळ बरा गेला, मग लढाई त्याच पुलावरून सुरू झाली आणि अलीकडचा काठ रिकामा व्हायला लागला. हे मला नंतर सिस्टरनं फोनवर सांगितलं. त्या दिवशी पाळी पीटरची होती. त्याची बायको-मुलं आधीच सरहद्दीच्या वाटेला लागली होती. भाऊ दारात येऊन ओरडून गेला. आत टेबलावर एक बाई बाळंत होत होती आणि लुकाचा पत्ता नव्हता, कारण पुलावर गोळ्या चालल्या होत्या. सिस्टर पीटरला म्हणाली, जा, देव बघून घेईल. पीटर म्हणाला, देवाला फिल्टर बदलता येत नाही.

तो थांबला. दुपार कलल्यावर लुका आला, पुलावरून नाही, लांबून होडीनं. पॅनलवर तळवा ठेवला. तेल, पाणी, डिझेल. मग लुकानं पाळीवर बसायचं सोडून एक भलतंच काम केलं. बाई मोकळी झाल्यावर सिस्टरला यंत्रापाशी उभं करून त्यानं पीटरला होडीत घातलं, ताडपत्रीखाली झोपवलं, आणि स्वतःच्याच लोकांच्या नाक्यावरून नदीनं खाली सोडून आला. परत येऊन पुन्हा पॅनलवर हात ठेवला.

फोन ठेवला आणि मला आबांचा तो न घातलेला नवा शर्ट आठवला. तोवर आबा गेले होते.

गाव अर्धं ओस पडलं. ज्यांच्या हातचा चहा प्यायलो अशी माणसं मेली. सैन्य राहिलं असतं तर ती वाचली असती का? काही वाचली असती. मुख्याध्यापकांपुढे हे मी नाकारणार नाही. तरीही माझं म्हणणं तेच आहे. सैन्यानं जायलाच हवं. दुसऱ्याच्या हातांनी चाललेला देश हा मालकाच्या करदोड्याला बांधलेला जनरेटर आहे. पण निघायची तारीख आधी ठरवायची आणि हात कुणाचे ते शोधायचंच नाही, याला माघार म्हणत नाहीत. त्याला जागा सोडून पळणं म्हणतात. त्या पुलावर दोन्ही काठांची पोरं समोरासमोर उभी करायला हवी होती, पुष्कळ आधीपासून. त्यांनी चुकावं, भांडावं, एकमेकांना विचारावं, आणि बंदूकवाल्यांनी मागे हात बांधून उभं राहावं. एका दवाखान्यात जे झालं ते पुलावर झालंच असतं, अशी हमी मी देत नाही. पण कुणी करूनच बघितलं नाही. सैन्यानं शेवटपर्यंत स्वतः पहारा दिला, आणि मग एका सकाळी पाठ फिरवली.

इथवर लिहिलेलं शितोळेभाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आन् मशीन? हाय का चालू?"

आहे. परवाच लुकाचा फोन आला होता. मागे घरघर ऐकू येत होती, आवाजावरून पट्टा थोडा सैल वाटला. अलीकडच्या काठाची काही कुटुंबं परतलीत. त्यांच्यातली एक बाई, पूर्वी छावणीत कपडे धुवायची, तिला तो शिकवतोय. पीटर सरहद्दीपलीकडे निर्वासितांच्या छावणीत आहे, तिथला जनरेटर त्याच्याकडे. त्याची जागा रिकामी ठेवायची नाही, असं लुकाचं म्हणणं.

"पण इंजिनियर, ती पट्टा चुकीचा ओढते," लुका म्हणाला. "मला बघवत नाही. माझे हात आपोआप पुढे जातात."

"मग काय करतोस?"

"यंत्राकडे पाठ करून उभा राहतो."

"पाठ करू नकोस," मी म्हटलं. "तोंड तिच्याकडेच ठेव. हात तेवढे मागे बांध."